खंडेनवमीची चावी

माझ्या नवऱ्याला काहीही विचारायचं नाही, असा आमच्या घरात नियम होता. दारात येणारा चपला काढत असतानाच मी त्याला तो ऐकवायचे. जेवलास का, असं विचारू नका. वाढलंय, जेव, असं म्हणा. ओळखलंस का, हे तर अजिबातच नको. लोक समजूतदारपणे माना डोलवायचे आणि सोफ्यावर टेकायच्या आत विचारायचे, "काय मग, ओळखलं का?" आपल्याकडे आजाऱ्याची तोंडी परीक्षा घेतल्याशिवाय भेटून आल्याचं समाधानच मिळत नाही कुणाला.

तो सगळ्यांना ओळखायचा. नावानिशी, गावानिशी, कुणाच्या मुलीचं कुठे जमलं होतं त्यासकट. अडचण ती नव्हतीच. अडचण अशी होती, की त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार असायचं. 'मला आठवत नाही' हे वाक्य ऑपरेशननंतर त्याच्या तोंडून एकदाही आलं नव्हतं.

म्हणूनच कंपनीतले एचआरचे साहेब त्याचा जबाब घ्यायला घरी येणार, असा फोन आला तेव्हा मी घाबरले. ते प्रश्न विचारायलाच येणार होते. आणि तो जे काही उत्तर देईल त्यावर दोन माणसांचं पुढचं आयुष्य ठरणार होतं. त्यातला एक माझा नवरा होता. दुसरा त्याच्या हाताखालचा हेल्पर, ज्याची उजव्या हाताची चार बोटं एप्रिलमध्ये प्रेसखाली गेली होती.

आम्ही चऱ्होलीत राहतो. आलो तेव्हा खिडकीतून ज्वारी दिसायची, आता समोरच्या बिल्डिंगमधल्यांचा टीव्ही दिसतो. नवरा चाकणला एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये मेंटेनन्सला होता. गाड्यांचे पत्रे दाबणारी ती अजस्र मशिनं बिघडली की दुरुस्त करायची, हे त्याचं काम. मी भोसरीत एका शाळेत इतिहास शिकवते. सनावळ्या पाठ करून घेते म्हणून पोरं मला नावं ठेवतात. आम्ही लग्नाआधीपासून एकमेकांना अरेतुरे करतो आणि सासूबाई असेपर्यंत त्यांना ते खटकायचं.

मे महिन्यात एका सकाळी दाढी करता करता त्यानं डोकं धरलं आणि तो बाथरूममध्ये खाली बसला. मेंदूच्या पुढच्या भागाखाली दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी एक बारीक आडवी रक्तवाहिनी असते. तिला फुगा आला होता, तो फुटला. ऑपरेशन झालं, तो वाचला. वॉर्डातल्या सिस्टर कौतुकानं म्हणायच्या, बोलणं किती स्वच्छ आहे हो यांचं, नाहीतर लोकांची वाचाच जाते. खरंच स्वच्छ होतं. तिसऱ्याच दिवशी त्यानं मला स्वच्छ शब्दांत सांगितलं, की काल रात्री थर्ड शिफ्ट करून आलोय, जरा झोपू दे. हाताला सलाइन होतं, तरी त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

घरी आल्यावर तो रोज सकाळी अंघोळ करून विचारायचा, "आज कुठली शिफ्ट?" पहिले काही दिवस मी खरं सांगत गेले. तू आजारी आहेस, ऑपरेशन झालंय, रजा आहे. तो डोक्यावरच्या खुणेवरून हात फिरवून म्हणायचा, "ते होऊन वर्ष झालं, त्यानंतर मी ड्यूटी केलीये की." आणि कोणत्या ड्यूटीत काय बिघडलं होतं, कोणता व्हॉल्व्ह बदलला, कोण सोबत होतं, सगळं सांगायचा. ऐकणाऱ्याला वाटावं, चूक आपलीच होतेय. मग मी कंटाळून म्हणायला लागले, "आज गुरुवार." आमच्या पट्ट्यात कंपन्यांची सुट्टी गुरुवारी असते. त्यावर त्याचं समाधान व्हायचं. त्या उन्हाळ्यापासून आमच्या घरी रोज गुरुवारच असायचा.

डॉक्टरांनी मला नीट बसवून समजावलं होतं. आठवणी गेलेल्या नाहीत, त्या आहेत. त्यातली कोणती कधीची, हे सांगणारा आणि तोंडाशी आलेली गोष्ट खरंच घडली का, हे तपासणारा मेंदूचा पुढचा भाग दुखावलाय. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचं, कालचं, कुणाकडून ऐकलेलं, असं सगळं एकाच रांगेत येतं आणि खरं म्हणूनच बाहेर पडतं. मला ते कंपनीच्या भाषेत पटकन कळलं. लाइन चालू आहे, माल बनतोय, पण शेवटी उभा राहून खोटा माल बाजूला काढणारा क्वालिटीवाला जागेवर नाही. सगळंच पास.

"ते खोटं बोलत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "खोटं बोलायला खरं काय ते माहीत असावं लागतं. तुम्ही फक्त प्रश्न विचारू नका. प्रश्न आला की रिकामी जागा भरायला ते उत्तर बनवतात, आणि एकदा बनवलेलं त्यांच्यासाठी घडलेलं असतं."

तो आमच्या घरचा नियम तिथून आला.

आता अपघाताचं सांगते. प्रेसमध्ये पत्रा अडकला की मशीन बंद करून कुणीतरी आत हात घालून तो काढतो. आत हात असताना बाहेरून कुणी बटण दाबलं तर काय होईल, हे सांगायची गरज नाही. म्हणून मेन स्विच बंद करून मेंटेनन्सचा माणूस त्यावर आपलं लाल कुलूप लावतो. कुलपावर त्याचा फोटो असतो. चावी एकच आणि ती त्याच्याच खिशात. काम संपेपर्यंत ती कुणाच्याही हातात द्यायची नाही, साक्षात मालक आला तरी नाही. कंत्राटावरच्या हेल्परला स्वतःचं कुलूप मिळत नसे. तो माझ्या नवऱ्याच्या कुलपाच्या भरवशावर आत हात घालायचा.

त्या दिवशी दुपारी हेल्परचा हात आत असताना प्रेस खाली आली. मागाहून पाहिलं तर कुलूप उघडं होतं आणि चावी त्यातच लटकत होती; बटण कुणी दाबलं, ते कुणीच कबूल केलं नाही.

नवरा त्या दिवशी घरी आला तो शर्टाला रक्त लावूनच. अंघोळ केली आणि जेवला नाही. एवढंच म्हणाला, "चार गेली त्याची." मी काही विचारलं नाही, त्यानं काही सांगितलं नाही. कंपनीनं जबाब मागितला तेव्हा तो म्हणाला म्हणे, त्याला हॉस्पिटलातून येऊ द्या, आम्ही दोघं समोरासमोर सांगू. तो येण्याआधीच माझा नवरा त्याच हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर जाऊन पडला. त्या दुपारी कुलपाचं काय झालं हे सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि त्याच्या डोक्यातली ती दुपार इतर हजार दुपारींमध्ये मिसळून गेली होती.

जुलैच्या अखेरीस हेल्पर भेटायला आला. मराठवाड्यातला, तिशीचा, बायको आणि लहान मुलीसोबत भोसरीत भाड्याच्या खोलीत राहणारा. उजवा हात गळ्यात बांधलेला, डाव्या हातात केळ्यांची फणी. मी दारात नियम सांगितला आणि पहिल्यांदाच कुणीतरी तो पाळला. तो नुसता समोर बसून राहिला. नवरा मात्र खुशीत होता. हाताकडे बोट दाखवून म्हणाला, "मीच उचलून गाडीत घातलं ना तुला." मग म्हणाला, "आता कामावर आलास ते बरं झालं, सेकंड शिफ्टला माणूस नव्हता."

मी त्याला सोडायला जिन्यापर्यंत गेले. नवऱ्याचं बोलणं मनावर घेऊ नको, म्हणाले.

"उचलून घातलं ते खरं हाय, वैनी," तो म्हणाला. म्हणजे नवरा बोलतो ते सगळंच मोडीत काढायचीही सोय नव्हती. थोडा वेळ तो पायरीकडे बघत उभा राहिला. "म्या कुलपाला हात लावला न्हाई. कुलूप लावल्यालं बघूनच आत हात घातला. सायबाचं कुलूप हाय म्हनल्यावर भ्यायचं काय. पुढं काय झालं ते मला म्हाईत न्हाई. आमचे सायेब सांगतील ते सांगतील, पर खरं सांगतील."

त्याचा तो विश्वास माझ्या अंगावर आला. तो भांडला असता तर बरं वाटलं असतं.

ऑगस्टमधल्या एका खऱ्याखुऱ्या गुरुवारी एचआरचे साहेब आले. मी नवऱ्याला इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि नंतर मला वाटलं, उगाच घातला, फारच धडधाकट दिसतोय. साहेब चाळिशीचे, गोड बोलणारे. आल्या आल्या मला वहिनी म्हणाले, घर छान आहे म्हणाले. मी नियम सांगितला आणि डॉक्टरांचं म्हणणंही सांगितलं. ते म्हणाले, काळजी करू नका, फॉर्मॅलिटी आहे, सरकारी इन्स्पेक्टरला कागद दाखवावा लागतो, भाऊंना जे आठवतंय तेवढंच लिहू. मी पुन्हा म्हटलं, की त्यांना जे आठवतं ते कधीचं असतं याचा भरवसा नाही. साहेब हसले. भाऊंशी आत्ताच पाच मिनिटं बोललो, म्हणाले, माझ्यापेक्षा शार्प आहेत.

मी चहा टाकायला उठले नाही. समोरच्या खुर्चीत बसले.

साहेबांनी हळूच सुरुवात केली. त्या दिवशी पत्रा अडकला तेव्हा तुम्ही कुलूप लावलं होतं का? लावलं होतं, नवरा म्हणाला. मग ते कसं उघडलं?

"माझे हात भरले होते," नवरा म्हणाला. जराही थांबला नाही. "मी त्याला म्हटलं, माझ्या वरच्या खिशातून चावी काढ."

"ग्रीसनं भरले होते?"

"हो, ग्रीसनं." मी साहेबांकडे बघितलं. ग्रीस त्यांनी दिलं होतं आणि त्यानं ते घेऊनही टाकलं होतं. "तो पुढे यायलाच तयार नव्हता. मी म्हटलं, अरे ये, तुझाच मान आहे. मग त्यानं चावी काढली, कुलूप उघडलं. मी म्हटलं, कर चालू. त्यानं बटण दाबलं."

साहेबांचं पेन भराभर चालत होतं. माझ्या कानात एकच शब्द अडकून बसला होता. मान. अडकलेला पत्रा काढताना कुणाला कसला मान?

आणि मला दिसलंच ते. आदल्या वर्षीची खंडेनवमी. वर्षातून त्या एका दिवशी कंपनी घरच्यांना आत सोडते. मशिनं धुऊनपुसून त्यांना झेंडूचे हार घालतात, नारळ फोडतात आणि मग पूजेनंतर एकेक मशीन पुन्हा चालू करतात. मी नवऱ्याच्या प्रेससमोर उभी होते, माझ्या बाजूला हेल्परची बायको मुलीला कडेवर घेऊन. नारळ नवऱ्यानं फोडला. हात कुंकवानं आणि नारळाच्या पाण्यानं भरलेले. मशीन बंद ठेवलेलं होतं म्हणून त्याचं लाल कुलूप स्विचवर होतं. त्यानं हेल्परला पुढे ओढलं, वरच्या खिशातून चावी काढायला लावली आणि म्हणाला, कर चालू, यंदाचा मान तुझा. तो लाजत लाजत पुढे आला. प्रेस उगाच एकदा खालीवर झाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पेढे वाटले.

नवरा जे सांगत होता त्यातला शब्दन् शब्द खरा होता. मी स्वतः पाहिला होता. फक्त तो एप्रिलमधला नव्हता. आणि साहेब तो एप्रिलमधला म्हणून लिहीत होते. त्याखाली सही झाली असती, तर कुलपाची चावी दुसऱ्याच्या हातात देऊन मशीन चालू करायला लावणारा माणूस म्हणून माझा नवरा जन्मभर अडकला असता. नोकरी जाणं ही तर त्यातली हलकी गोष्ट.

मी साहेबांना थांबवलं. हे खंडेनवमीचं आहे, मी म्हणाले. त्याचे हात कुंकवानं भरले होते, ग्रीसनं नाही. मी तिथे होते, तुमच्या कंपनीतले निम्मे लोक तिथे होते, मोबाइलवर व्हिडिओ काढले होते सगळ्यांनी. माझा आवाज वर्गात चढतो तसा चढला होता.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "म्हणजे मॅडम, चावी दुसऱ्याला द्यायची पद्धत होती तर."

वहिनीची मॅडम कधी झाले, ते मला त्या वाक्यातच कळलं. नवऱ्याला वाचवायला गेले आणि त्याच्याविरुद्धचा पुरावा माझ्याच तोंडानं देऊन बसले.  त्याहून वाईट म्हणजे तो प्रश्न माझ्याही मनात उभा राहिला. पूजेच्या दिवशी दिली, तशीच एखाद्या घाईच्या दुपारी दिली असेल का? दिली नसेल, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकले नसते. आजही सांगू शकत नाही.

साहेब पुन्हा नवऱ्याकडे वळले. मॅडम म्हणतात ते पूजेचं होतं. मग अपघाताच्या दिवशी कुलूप कुणी काढलं?

तो गोंधळला नाही, चिडला नाही. आधीचं उत्तर त्याच्या लेखी जणू झालंच नव्हतं. "त्यानंच काढलं," तो म्हणाला. "मी पाणी प्यायला गेलो होतो, चावी टेबलावर होती. टार्गेटचं प्रेशर असतं ना. घाई केली पोरानं."

घाई केली पोरानं. हे वाक्यही माझ्या ओळखीचं होतं. नवऱ्याच्या डिपार्टमेंटमधला एक जण जूनमध्ये भेटायला आला होता, तो याच सोफ्यावर बसून, बिस्किट चहात बुडवत, अगदी याच शब्दांत हळहळला होता. घाई केली पोरानं, स्वतःच काढलं असणार कुलूप, टार्गेटचं प्रेशर असतं ना. तो स्वतः त्या दिवशी शिफ्टला नव्हताही. त्याचा अंदाज माझ्या नवऱ्याच्या डोक्यात जाऊन बसला होता आणि आता डोळ्यांनी पाहिल्यासारखा बाहेर येत होता.

साहेबांच्या चेहऱ्यावरचा ताण मात्र उतरला. "हे क्लिअर आहे," असं म्हणून त्यांनी आधीचा कागद बाजूला सारला, नवा घेतला आणि चार ओळी लिहिल्या. या कागदात कंपनी सुटत होती. माझा नवरा सुटत होता. अडकत होता तो एकटा हेल्पर, ज्याला या खोलीत बोलायला तोंड नव्हतं. स्वतःच्या चुकीनं हात गेला म्हटल्यावर त्याच्या हाती काय लागणार होतं, ते साहेबांनाही माहीत होतं आणि मलाही.

साहेबांनी पेन नवऱ्यापुढे धरलं. त्यानं ते घेतलं.

मला फक्त गप्प बसायचं होतं. खरं सांगते, मी काही क्षण गप्प बसलेही. मनात म्हटलं, दुसरं उत्तर खोटं आहे हे तरी मला कुठे माहीत आहे? असेलही खरं. मी तिथे नव्हते. पण हे मनाशी म्हणता म्हणताच मला माझी चीड आली. पहिलं उत्तर आम्हाला बुडवत होतं तेव्हा मी ओरडून उठले होते, त्याची आठवण भरवशाची नाही म्हणून. दुसरं आम्हाला तारत होतं तेव्हा तीच आठवण भरवशाची कशी झाली? जिन्यात उभा राहून पायरीकडे बघणारा तो माणूस डोळ्यांपुढून हलेना.

पण साहेबांना हे पटवायचं कसं? डॉक्टरांचं नाव सांगून झालं होतं. मग मी घरातला नियम मोडला. जे कुणालाही करू देत नव्हते ते मी स्वतः केलं.

"हे साहेब आपल्याकडे आधी कधी आले होते रे?" मी नवऱ्याला विचारलं.

त्यानं पेन हातात ठेवूनच साहेबांकडे बघितलं आणि तो मोकळेपणी हसला. "गेल्या गणपतीत. उकडीचे मोदक केले होतेस तू. साहेबांनी दोन मागून घेतले आणि वर तूप कमी पडलं म्हणाले. मग त्यांच्या मुलीला घेऊन खाली झोपाळ्यावर गेले."

साहेब पहिल्यांदाच आमच्या घरी आले होते. त्यांना मुलगी नव्हती, मुलगा होता, हे आल्या आल्या त्यांनीच सांगितलं होतं. पंखा फिरत होता. साहेब नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होते, त्यात कुठे थट्टा सापडते का ते शोधत. ती तिथे नव्हती. मोदक वाढल्याचा आनंद होता नुसता.

"आता याची सही तुम्हाला कोणत्या उत्तराखाली हवी आहे?" मी म्हणाले. "त्याला आठवत नाही, साहेब. आणि आठवत नाही हेही त्याला कळत नाही. तुम्ही विचाराल तितक्या वेळा तो नवं सांगेल. तुमच्या कागदावर लिहा, की याला आठवत नाही."

नवऱ्याचं हसू मावळलं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मग साहेबांकडे, आणि त्याला एवढं नक्की कळलं, की बायकोनं आपल्याला परक्या माणसासमोर वेडं ठरवलं. "काय बोलतेयस तू?" तो हळू आवाजात म्हणाला.  मी पुढे होऊन त्याच्या बोटांतून पेन काढून घेतलं. त्यानं ते घट्ट धरलं होतं.

साहेबांनी दोन्ही कागद फाइलमध्ये घातले. जाताना दारात म्हणाले, मॅडम, हे मला असंच लिहायचं झालं तर मेडिकल बोर्ड होईल, भाऊ अनफिट ठरतील, विचार केलाय ना? केलाय, मी म्हणाले. विचार काहीही केला नव्हता.

पुढे तसंच झालं. तो अनफिट ठरला आणि चाकणची नोकरी सुटली. हेल्परवर चुकीचा ठपका ठेवता आला नाही, कारण ठपका ठेवणारा जबाबच नव्हता. त्याला भरपाई मिळाली आणि आता तो भोसरीत एका वर्कशॉपच्या गेटवर बसतो. त्या दुपारी कुलूप कुणाच्या हातानं उघडलं, ते कुणालाच कळलं नाही. ते माझ्या नवऱ्याच्या हातानं उघडलं असेल, या शक्यतेसोबत मी राहते. तो राहत नाही. त्याला तीही सोय नाही.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवशीचं. त्या गुरुवारी साहेब गेल्यावर नवरा माझ्याशी बोलला नाही. ताट समोर ठेवलं, तसंच परत आलं. आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. त्याच्या डोक्यात काय राहिलं असेल आणि काय पुसलं गेलं असेल, याचा मला अंदाज येईना. अपमान मेंदूच्या कोणत्या भागात राहतो, हे डॉक्टरांना विचारायचं राहून गेलं होतं. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडले. पाठ केलेल्या सनावळ्यांवर आयुष्य काढलेली बाई मी, आणि मला माझ्या माणसासाठी एक दिवस जागेवर ठेवता आला नव्हता.

सकाळी आमच्या मुलीचा फोन आला. ती नागपूरला शिकते, होस्टेलवर असते. नवरा गॅलरीत चहा घेत बसला होता. तिनं बाबाला दे म्हटलं म्हणून मी फोन स्पीकरवर ठेवून त्याच्यापुढे धरला. तिला मी आदल्या दिवशीचं काही सांगितलं नव्हतं. तिनं नियमाप्रमाणे काही विचारलंही नाही. तो आपणहून बोलायला लागला.

"काल कंपनीतले साहेब आले होते. त्या अपघाताचा जबाब हवा होता त्यांना, सही मागत होते. पेन माझ्या हातात दिलं. तुझी आई मधेमधे काहीतरी बोलत होती. मग मीच म्हटलं, साहेब, मला आठवत नाही. आठवत नसताना सही केली, तर त्या पोराच्या पोटावर पाय येईल. लिहा तुमच्या कागदावर, की याला आठवत नाही. आणि पेन ठेवून दिलं खाली."

त्याचा आवाज खणखणीत होता. चेहऱ्यावर कालच्या अपमानाची खूण नव्हती. शर्टही कालचाच इस्त्रीचा होता, त्यानं तो रात्री बदलला नव्हता.

 मुलीला बाबाच्या गोष्टींची सवय होती, पण हे ऐकून तिचा आवाज हलला. "आई," ती म्हणाली, "बाबा खरंच असं म्हणाला?"

नवरा माझ्याकडे बघत होता. त्याला माझ्या उत्तराची काळजी नव्हती, त्याला ते माहीतच होतं.

"हो," मी म्हणाले. "तोच म्हणाला. मी तिथेच होते."